वजनकाटा, पाळणा आणि अकस्मात अर्भकमृत्यू

वरवर ठणठणीत दिसणारे, दूध पिऊन झोपी गेलेले तान्हे मूल झोपेतच दगावते. शवविच्छेदन होते, झोपण्याची जागा तपासली जाते, आजारपणाची चौकशी होते, आणि तरीही मृत्यूचे कारण हाती लागत नाही. अशा मृत्यूला वैद्यकात ‘सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम’, थोडक्यात ‘सिड्स’ म्हणतात. इंग्लंडमध्ये बोलीत ‘कॉट डेथ’ हे नाव रूढ आहे. १९६९ साली अमेरिकेतील सिॲटल येथे भरलेल्या परिषदेत ब्रूस बेकविथ यांनी त्याची व्याख्या मांडली. ही व्याख्या नकारावर उभी आहे: दुसरे काहीच सापडले नाही, तर उरते ते सिड्स. या मृत्यूंचे वेळापत्रक मात्र विलक्षण ठरलेले असते. पहिल्या महिन्यात ते कमी होतात, दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक होतात, आणि दहापैकी सुमारे नऊ सहा महिन्यांच्या आत होतात. मूल बाळसे धरते आणि जन्माच्या वजनाच्या दुपटीकडे जात असते, नेमका तोच हा काळ. वाढीचा आणि या मृत्यूचा काही संबंध असावा, हा तर्क त्यामुळे फार जुना आहे. त्या तर्काने डॉक्टरांना कधी आडरानात नेले, तर कधी वाट दाखवली.

डॉक्टरांच्या आधी या मृत्यूचा निवाडा न्यायाधीश आणि धर्मगुरू करत, आणि आरोपी बहुधा आईच असे. मूल तिच्या अंगाखाली चिरडून गुदमरले, असे मानले जाई. बायबलमध्ये राजा शलमोनाच्या न्यायाची जी प्रसिद्ध कथा आहे, तिच्यातले एक मूल असेच रात्री आईच्या अंगाखाली सापडून मेलेले आहे. मध्ययुगीन युरोपात चर्चने अशा आईबापांसाठी प्रायश्चित्ते ठरवून दिली होती. इटलीत फ्लॉरेन्समध्ये दायांसाठी ‘आर्कुच्चो’ नावाचे एक साधन असे. त्याचे वर्णन अठराव्या शतकात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये छापून आले. मुलाच्या अंगावर कमानीसारखा उभा राहणारा हा लाकडी सांगाडा होता. पांघरूण त्या कमानीवरून घातले जाई, त्यामुळे ते मुलाच्या तोंडावर येत नसे. दाईला कुशीवर वळून पाजता यावे म्हणून सांगाड्याच्या बाजूला खाचा ठेवलेल्या असत. दाईने मुलाला त्यात निजवले नाही, तर तिला धर्मबहिष्काराची भीती असे, असेही त्या वर्णनात म्हटले आहे. कारण चुकीचे धरले असले, तरी उपाय शहाणपणाचा होता. मुलाच्या नाकातोंडाभोवती मोकळी हवा ठेवणारी ही बहुधा पहिली सक्ती.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कॉरोनरचा, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, कारभार वाढला तशी या मृत्यूंची मोजदादही वाढली. १८३४ साली ‘लॅन्सेट’ला एका डॉक्टरने पत्र लिहून असे अर्भकमृत्यू नोंदवले, की ज्यांत अंगाखाली चिरडल्याची शक्यता दिसत नव्हती. त्या पत्राकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लक्ष वेधले ते स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस सर्जन चार्ल्स टेम्पलमन यांनी. १८९२ साली त्यांनी अर्भके गुदमरून मेल्याच्या २५८ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील मोठा वाटा शनिवारच्या रात्री आणि रविवारच्या पहाटे झालेला होता. शनिवार हा पगाराचा आणि दारूचा दिवस. टेम्पलमन यांनी दोष ठेवला तो आयांच्या अज्ञानावर व हलगर्जीपणावर, दारूवर आणि एका खोलीत कोंबलेल्या कुटुंबांवर. या विचारसरणीचा परिपाक १९०८च्या बालक कायद्यात झाला. नशेत मुलाशेजारी झोपल्याने ते गुदमरून मेले, तर तो इंग्लंडात गुन्हा ठरला. टेम्पलमन यांची आकडेवारी आजही वाचण्याजोगी आहे, कारण तिच्यात गर्दी, गरिबी आणि थंडीचे दिवस हे सगळे नोंदलेले आहे. त्यांतून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र पोलीस सर्जनला शोभेल असाच आहे.

आईवरचा आरोप सौम्य करणारे दुसरे स्पष्टीकरण याच सुमारास जर्मन भाषक वैद्यकातून पुढे आले, आणि वाढीचा प्रश्न इथून सुरू होतो. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी ती शरीराच्या मानाने सर्वांत मोठी असते आणि वयात येताना आक्रसत जाते. १८३० साली कोप नावाच्या जर्मन डॉक्टरने मोठी थायमस श्वासनलिका दाबून मुलांना मारते, असे प्रतिपादन केले. १८५८ साली फ्रीडलेबेन यांनी बारकाईने मोजमापे घेऊन हे खोडून काढले, पण कल्पना मेली नाही. १८८९ साली व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी तिला नवे रूप दिले: काही मुलांची घडणच अशी असते की थायमस आणि लसिका ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त वाढतात, आणि अशी मुले किरकोळ धक्क्यानेही दगावतात. याला ‘स्टेटस थायमिको-लिम्फॅटिकस’ असे भारदस्त लॅटिन नाव मिळाले. क्लोरोफॉर्म दिल्यावर रुग्ण टेबलावरच गेला, तर त्याचे खापरही या घडणीवर फोडता येई. डॉक्टरांना ही सोय फार मोलाची होती.

चूक मोजण्यात झालेली नव्हती. ज्यांच्याशी तुलना केली, ती शरीरे चुकीची होती. शरीररचनाशास्त्राला मिळणारी बहुतेक अर्भके गरिबांची, जुलाबांनी किंवा क्षयाने महिनोन्महिने झिजून मेलेली. आजारपणात आणि उपासमारीत थायमस भराभर आक्रसते. त्या खंगलेल्या मुलांची बारकी ग्रंथी ‘सामान्य’ ठरली, आणि झोपेत अकस्मात गेलेल्या धडधाकट मुलाची खरीखुरी सामान्य ग्रंथी ‘राक्षसी’ दिसू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत या ग्रंथीवर क्ष-किरण सोडून ती लहान करण्याचा उपचार सुरू झाला. पुढची काही दशके अनेक ठिकाणी तो प्रतिबंधक म्हणून, म्हणजे निरोगी बाळांवरसुद्धा, होत राहिला. १९३१ साली ब्रिटनमध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि पॅथॉलॉजिकल सोसायटी यांच्या समितीने शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून असा रोग असल्याचा काही पुरावा नाही, असे जाहीर केले. क्ष-किरणांचा उपचार मात्र त्यानंतरही चालू होता. १९५० साली डफी आणि फिट्झजेरल्ड यांनी थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांच्या जुन्या नोंदी चाळल्या. तेव्हा त्यांपैकी बऱ्याच जणांच्या थायमसवर तान्हेपणी क्ष-किरण सोडले होते, असे दिसले. नसलेल्या रोगाचा उपचार खऱ्या रोगाला कारण झाला होता.

अर्भकाची वाढ ग्रंथीच्या आकारावरून नव्हे, तर वजनावरून पाहण्याची पद्धत वेगळ्या वाटेने आली. फ्रान्समध्ये गेनो द माँबेयार या उमरावाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची अठरा वर्षांपर्यंत ठरावीक काळाने मोजली. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी त्या नोंदी आपल्या ग्रंथात छापल्या. एकाच मुलाच्या वाढीची ती पहिली सलग नोंद मानली जाते. पण ते हौशी माणसाचे काम होते. गरिबांची मुले काट्यावर चढली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९२ साली पॅरिसच्या शारिते रुग्णालयात पियेर ब्यूदँ यांनी बाळंतिणींना मुलासह दर आठवड्याला बोलावणे सुरू केले. मूल वजन करायचे, आकडा लिहायचा, अंगावरचे दूध पुरते का ते पाहायचे, नाही तर उकळलेले दूध द्यायचे, असा तो क्रम. दोन वर्षांनी फेकां या बंदरगावी लेआँ द्यूफूर यांनी ‘गूत द ले’ म्हणजे ‘दुधाचा थेंब’ या नावाचे केंद्र उघडले, आणि त्याच नावाची केंद्रे पुढे अनेक देशांत निघाली. वजन घटले की जुलाब, खराब दूध किंवा उपासमार यांची शंका घ्यायची, हा साधा नियम होता. त्या काळच्या अर्भकमृत्यूंचा मोठा भाग पोटाच्या विकारांचा होता, त्यामुळे तो कामी येत असे.

ही पद्धत सर्वांत काटेकोरपणे राबवली न्यूझीलंडने. ट्रूबी किंग यांनी १९०७ साली ड्युनेडिन येथे स्थापन केलेल्या संस्थेच्या परिचारिका, ‘प्लंकेट नर्स’ म्हणून देशभर ओळखल्या जाणाऱ्या, घरोघर जाऊन तान्ह्यांची वजने घेत. दर चार तासांनी दूध, ठरलेल्या वेळी झोप, मोकळी हवा, उगाच कडेवर घेणे नाही, अशी किंग यांची शिस्त होती. जगातील सर्वांत कमी अर्भकमृत्यू असलेल्या देशांत न्यूझीलंडची गणना होऊ लागली. हाच देश १९८०च्या दशकात सिड्सच्या प्रमाणात औद्योगिक जगात सर्वांत वर होता. दर हजार जन्मांमागे सुमारे चार मुले अशी जात होती. काटा अचूक होता, वह्या भरलेल्या होत्या, आणि तरी हे मृत्यू वह्यांतून निसटत होते. वजनकाट्याची मर्यादा इतकी ढळढळीतपणे दुसरीकडे कुठे क्वचितच दिसली असेल.

घोळ पाळण्यात होता. मूल कसे निजवावे, याविषयी जगभर निरनिराळ्या रीती होत्या, आणि बहुतेक ठिकाणी तान्हे मूल उताणे किंवा कुशीवर निजवले जाई. १९४४ साली न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड अब्रामसन यांनी शहरातील गुदमरून मेलेल्या अर्भकांचा आढावा घेतला आणि त्यांत पालथ्या मुलांचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवले. मुलांना पालथे निजवू नये, असा प्रचारही काही काळ झाला. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरने मुलांना पांघरुणाखाली श्वास घेता येतो, असे प्रयोगाने दाखवले, आणि अब्रामसन यांचा इशारा बाजूला पडला. त्यानंतर वारा उलटा वाहू लागला. उताणे मूल उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन गुदमरेल, उताणे झोपून डोके मागून चपटे होईल, ही दोन कारणे पुढे आली. बेंजामिन स्पॉक यांच्या अतिशय खपाच्या बालसंगोपनाच्या पुस्तकात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पालथे निजवण्याचा सल्ला दिसू लागला. १९७०च्या दशकात नवजात विभागांतून आणखी एक आधार मिळाला. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेली, श्वासाला धापणारी मुले पालथी ठेवल्यास त्यांच्या रक्तातील ऑक्सिजन सुधारतो, हे खरेच होते. पण चोवीस तास परिचारिका आणि यंत्रे डोळे लावून बसलेल्या विभागातला हा नियम घरच्या अंधाऱ्या खोलीतल्या धडधाकट मुलालाही लागू केला गेला. उलटीचा धोका केवळ तर्काने मांडलेला होता. कोणी मोजून पाहिलेला नव्हता.

नेदरलँड्समध्ये हा सल्ला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पोचला आणि पाठोपाठ तिथले अकस्मात अर्भकमृत्यू वाढले. ऑस्ट्रेलियात ॲडिलेडच्या सुसान बील यांनी वेगळाच मार्ग धरला होता. मूल गेलेल्या शेकडो घरी त्या स्वतः गेल्या. मूल कुठे होते, तोंड कोणीकडे होते, गादी कशी होती, पांघरुणे किती होती, शेवटचे कोणी पाहिले, हे त्या आईबापांसमोर बसून विचारत आणि लिहून घेत. शवविच्छेदनाच्या टेबलावर न दिसणारी गोष्ट त्यांना त्या खोल्यांमध्ये दिसली: मुले पालथी होती. त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये काम करणारे डेव्हिड डेव्हिस यांनी १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, की दाटीवाटीच्या त्या शहरात हे मृत्यू अगदीच कमी आहेत. तिथे मुले परंपरेने उताणी निजवत. १९८७ साली गुस द यॉन्ग यांनी नेदरलँड्समध्ये पालथे निजवू नका, अशी जाहीर मोहीम सुरू केली. डच मृत्यूंचा आकडा खाली येऊ लागला.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे पीटर फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एव्हन परिसरात मेलेल्या प्रत्येक मुलाबरोबर त्याच भागातील त्याच वयाच्या जिवंत मुलांची तुलना केली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पालथे निजणे आणि जड पांघरुणांमुळे होणारा उकाडा हे दोन धोके ठळक दिसले. न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या काळात एड मिचेल आणि सहकाऱ्यांनी देशव्यापी अभ्यास केला. त्यात पालथे निजणे, आईचे धूम्रपान, अंगावर न पाजणे आणि एका अंथरुणात झोपणे हे चार घटक पुढे आले, आणि १९९१ साली तिथली मोहीम सुरू झाली. इंग्लंडात मात्र संशोधन हाती असूनही सरकार हलत नव्हते. १९९१च्या जुलैत दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदिका ॲन डायमंड यांचे तान्हे बाळ असेच गेले. त्या न्यूझीलंडला जाऊन आल्या, वर्तमानपत्रांतून आणि पडद्यावरून बोलत राहिल्या, आणि डिसेंबरमध्ये उताणे निजवण्याची ‘बॅक टू स्लीप’ मोहीम सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हजारी दोनच्या वर असलेले प्रमाण काही महिन्यांतच निम्म्याखाली आले. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ साली हा सल्ला स्वीकारला. राष्ट्रीय मोहीम १९९४ साली सुरू झाली. सुरुवातीला कुशीवर निजवणेही चालेल असे सांगितले जाई. कुशीवरचे मूल झोपेत पालथे होते, हे कळल्यावर तो पर्याय काढला गेला. उलटीने गुदमरण्याचे जे भय चाळीस वर्षे घातले होते, ते उताण्या मुलांत वाढलेले दिसले नाही. चपट्या डोक्याचे मात्र खरे निघाले. मुलांच्या कवट्या मागून चपट्या होण्याच्या तक्रारी नव्वदच्या दशकात वाढल्या, आणि जागेपणी मुलाला थोडा वेळ पालथे खेळू द्यावे, हा सल्ला त्याला जोडला गेला.

रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली सगळा जुना पुरावा एकत्र मांडला. १९७० सालापर्यंतच्या अभ्यासांवरूनच पालथे निजवणे घातक असल्याचे कळू शकले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तेव्हाच सल्ला बदलला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशियात मिळून किमान पन्नास हजार मुले वाचली असती, असा अंदाज त्यांनी दिला. वैद्यकात तज्ज्ञाच्या मताऐवजी अभ्यासांच्या पद्धतशीर संकलनावर भर का द्यावा, हे शिकवताना हेच उदाहरण वारंवार दिले जाते.

वजनकाट्याची कहाणी तोवर शेफील्डमध्ये वेगळ्या वळणावर गेली होती. तिथल्या बालरुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ जॉन एमरी यांना वाटत होते, की अकस्मात म्हणवले जाणारे हे मृत्यू पूर्णपणे अकस्मात नसतात; मूल आधी काहीतरी खुणा देते. संख्याशास्त्रज्ञ आर. जी. कार्पेंटर यांच्यासोबत त्यांनी जन्माच्या वेळीच गुण देण्याची पद्धत बसवली. आईचे वय, आधीची बाळंतपणे, मुलाचे वजन, जुळे आहे का, आई अंगावर पाजणार आहे का, गरोदरपणी लघवीचा संसर्ग झाला होता का, अशा गोष्टींची बेरीज करून जोखमीची मुले वेगळी काढायची आणि त्यांच्या घरी आरोग्य परिचारिकेने वारंवार जायचे. सत्तरच्या दशकात हे काम सुरू झाले. पहिल्या सात वर्षांचा हिशेब १९८३ साली प्रसिद्ध झाला.

ज्यांचे एक मूल असे गेले आहे, त्यांच्या पुढच्या मुलाचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. तेव्हा श्वास थांबला की भोंगा वाजवणारी यंत्रे घरोघर दिली जात होती. १९७२ साली अमेरिकेत झोपेत श्वास थांबणे हेच सिड्सचे मूळ आहे, असे मांडणारा शोधनिबंध गाजला होता, आणि त्या जोरावर यंत्रांचा मोठा बाजार उभा राहिला होता. त्या निबंधाचा मुख्य आधार असलेल्या दोन भावंडांच्या आईला १९९५ साली आपल्याच मुलांच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, तेव्हा तो पायाच ढासळला. एमरी आणि सहकाऱ्यांनी १९८५ सालीच अशा कुटुंबांत यंत्र आणि वजनकाटा यांची तुलना करून पाहिली होती. काटा घेतलेल्या घरी मुलाचे वजन नियमित घ्यायचे आणि खास बनवलेल्या शेफील्ड तक्त्यावर बिंदू मांडायचा. आठवड्याच्या हिशेबाने वाढ घसरते आहे का, हे त्या तक्त्यावर डोळ्यांना लगेच दिसे. घसरली तर डॉक्टरला कळवायचे. भोंगा रात्रीतून अनेकदा उगाच वाजतो आणि आईबापांची झोप उडवतो. काट्याचे काम दिवसा, दोन मिनिटांचे. १९८८ साली सुरू झालेल्या पुढच्या मुलाच्या देखभालीच्या ब्रिटिश योजनेत परिचारिकेच्या नियमित भेटी, लक्षणांची वही, यंत्र आणि वजनकाटा हे सगळेच पर्याय आईबापांपुढे ठेवले गेले. यंत्रांनी हे मृत्यू टळतात असा पुरावा पुढेही मिळाला नाही.

वजन खरोखर काही सांगते का, याचे उत्तर १९९३ ते १९९६ दरम्यान इंग्लंडात झालेल्या मोठ्या अभ्यासातून आले. सिड्सच्या ३२५ मृत्यूंची १,३०० जिवंत अर्भकांशी त्यात तुलना झाली. कमी वजनाच्या आणि दिवस न भरलेल्या मुलांना धोका जास्त, हे आधीपासून माहीत होते. पीटर ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले, की जन्माच्या वजनाचा हिशेब वेगळा काढला तरी मेलेल्या मुलांची जन्मानंतरची वाढ मंद होती. सामान्य वजनाने जन्मलेल्या मुलांत हा फरक अधिक जाणवत होता, आणि सहाव्या आठवड्याच्या नेहमीच्या तपासणीतच तो दिसू शकत होता. एमरी यांचा अंदाज इतपत खरा निघाला. पण मंद वाढ असलेल्या मुलांपैकी बहुतेक सगळी जगतातच. त्यामुळे तक्त्यावरची उतरती रेघ गटाविषयी बरेच सांगते, एका मुलाविषयी फार थोडे.

याच अभ्यासातला एक आकडा न्यायालयात गेला आणि त्याचा भलताच वापर झाला. कमावत्या, धूम्रपान न करणाऱ्या घरी आई सव्वीस वर्षांहून मोठी असेल तर असा मृत्यू ८,५४३ जन्मांत एक, असे त्यात होते. सॅली क्लार्क यांची दोन बाळे अशी गेली होती. त्यांच्या खटल्यात बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी या आकड्याचा वर्ग करून दोन मृत्यूंची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक असल्याचे सांगितले. एकाच घरातील दोन मुलांचे मृत्यू एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले असतात, हे त्यात गृहीत धरलेले होते. १९९९ साली क्लार्क यांना जन्मठेप झाली, २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या गणितावर जाहीर आक्षेप घेतला, आणि २००३ साली शिक्षा रद्द झाली. टेम्पलमन यांच्यानंतर शंभर वर्षांनी आई पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात होती. या वेळी पुरावा म्हणून दारूच्या जागी संख्याशास्त्र होते.

वजनावर सगळा भार टाकता येत नाही, याचा सर्वांत बोलका दाखला ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई कुटुंबांनी दिला. भारत आणि बांगलादेशातून आलेल्या आयांची मुले गोऱ्या मुलांपेक्षा सरासरीने बरीच हलकी जन्मत. हलके वजन हाच धोका धरला, तर त्यांच्यात सिड्स जास्त हवा होता. ऐंशीच्या दशकातील आकडे नेमके उलट निघाले. कार्डिफमध्ये गँटली आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशी आणि वेल्श आयांशी सविस्तर बोलून १९९३ साली याची काही कारणे सुचवली. बांगलादेशी घरांत तान्हे मूल सहसा एकटे नसे. रात्री ते आईजवळ आणि दिवसा माणसांच्या गलबल्यात निजे. वेल्श घरांत मुलाने वेगळ्या शांत खोलीत सलग झोपावे, ही संगोपनाची खूण मानली जाई. त्याखेरीज दक्षिण आशियाई आया धूम्रपान क्वचितच करत, आणि पालथे निजवण्याची डॉक्टरी फॅशन त्यांच्या घरांत फारशी शिरली नव्हती. सासू-आजींनी दवाखान्यातली पत्रके वाचली नाहीत, हे काही नातवंडांच्या पथ्यावर पडले असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यातच हे मृत्यू का, याचे आजचे उत्तर मेंदूच्या वाढीत शोधले जाते. १९९४ साली फिलिआनो आणि हॅना किनी यांनी मांडलेल्या प्रारूपात तीन गोष्टी एकत्र यायला लागतात: आतून दुबळे असलेले मूल, वाढीचा नाजूक टप्पा आणि बाहेरचा ताण. पालथ्या मुलाच्या तोंडाशी स्वतःचाच उच्छ्वास साठतो. तिथे ऑक्सिजन कमी पडला की निरोगी मूल डोके वळवते, कुरकुरते, जागे होते. हे जागे होणे मेंदूच्या देठातून चालते, आणि सिड्सने गेलेल्या अनेक मुलांच्या त्या भागात सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या यंत्रणेत दोष आढळले आहेत. गरोदरपणी आईने ओढलेल्या सिगारेटचा धूर याच यंत्रणेला इजा करतो असे मानले जाते. उताणे निजवण्याच्या मोहिमेनंतर उरलेल्या मृत्यूंत धूम्रपान करणाऱ्या आणि गरीब घरांचे प्रमाण म्हणूनच वाढलेले दिसते.

न्यूझीलंडमध्ये हे माओरी समाजात तीव्रतेने जाणवले. गोऱ्या वस्तीतले मृत्यू मोहिमेनंतर झपाट्याने घटले, माओरींमधले तितके नाही. गरोदरपणी धूम्रपान जास्त आणि मूल आईच्या अंथरुणात, हे दोन्ही एकत्र आले की धोका अनेक पट वाढतो. अंथरूण वेगळे करा, हा सल्ला माओरी घरांना परका वाटत होता. डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच यांनी गिस्बर्नच्या विणकर स्त्रियांबरोबर त्यावर तोड काढली. हाराकेके या स्थानिक वनस्पतीच्या पात्यांची उथळ, कडा उभ्या असलेली टोपली विणायची, तिच्यात पातळ गादी घालायची आणि ती आईच्या अंथरुणातच ठेवायची. ‘वाहाकुरा’ या नावाने २००६च्या सुमारास ती वापरात आली. मूल आईच्या हाताशी राहते आणि तरी त्याच्या नाकातोंडाभोवती जागा मोकळी राहते. फ्लॉरेन्सच्या सांगाड्याचे काम ती करते, फक्त बहिष्काराच्या धमकीशिवाय.

भारतात वजनकाटा घरोघर पोचला तो सिड्समुळे नव्हे, कुपोषणामुळे. नायजेरियात काम करताना डेव्हिड मॉर्ली यांनी आईकडेच राहणारा सोपा वाढतक्ता तयार केला होता. १९७५च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत अंगणवाडीताईच्या हाती असाच तक्ता आला. सत्तरच्या दशकातील आंतरराष्ट्रीय तक्ते बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेल्या अमेरिकी मुलांवरून काढलेले होते. त्यामुळे अंगावर पिणारे धडधाकट मूलही तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर रेघेखाली घसरल्यासारखे दिसे आणि वरचे दूध सुरू करण्याचा सल्ला मिळे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील स्तनपानावर वाढलेल्या मुलांचा अभ्यास करून २००६ साली नवी मानके दिली, आणि २००८ साली अंगणवाड्यांनी ती स्वीकारली. सुधारणा फक्त कुपोषणाच्या हिशेबाची नव्हती. अंगावरचे दूध सिड्सपासूनही काही अंशी संरक्षण देते.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी नव्वदच्या दशकात नवजात बाळांची घरीच वजने घेतली, त्यांना ऊब दिली, जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या कामात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तिथले मृत्यू जंतुसंसर्गाचे, अपुऱ्या दिवसांचे, जन्मताना गुदमरण्याचे होते, आणि पहिल्या महिन्यातले होते. १९७१ साली देशात हजारी १२९ अर्भके दगावत. त्या गर्दीत हजारी एक-दोन अकस्मात मृत्यू वेगळे दिसणे शक्यच नव्हते. आता तो दर तिसाच्या आत आला आहे, तरी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सिड्ससाठी असलेला आर-९५ हा क्रमांक भारतातील नोंदींत क्वचितच दिसतो. घरी दगावलेल्या अर्भकाचे शवविच्छेदन सहसा होत नाही, झोपण्याची जागा कोणी तपासत नाही. घरच्यांना नंतर लक्षणे विचारून कारण ठरवले जाते. बेकविथ यांच्या व्याख्येची पहिली अटच पुरी होत नाही, त्यामुळे असे मृत्यू झालेच तर ते दुसऱ्या कुठल्या तरी रकान्यात जातात.